फौजदाराची बदली

बोईसर
१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रियदर्शिनी,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायचे असतात हे मला माहीत आहे. हात उचलत नाही, म्हणून सरळ कामाचं बोलते. तुझ्या टाकीत मारामाऱ्या चालल्या आहेत.

फोनवर सांगितलं असतं, पण आईचा नंबर बंद करून ठेवणारी मुलगी मीच जन्माला घातली, त्याला कोण काय करणार! नाशिकचा हा पत्ता तुझ्या बाबांकडून घेतला. तो तरी खरा असू दे. देताना ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते.

तू गेल्यापासून मासे बाबाच सांभाळतात. सांभाळतात म्हणजे सकाळी चिमूटभर दाणे टाकतात आणि पेपर उघडतात. बघत मी असते. भाजी निवडायला मी आता टाकीसमोरच बसते, दुसरं कोण आहे घरात बोलायला? तो मोठा निळा, ज्याच्या अंगावर काळे पट्टे आहेत, त्याचं नाव मी फौजदार ठेवलंय. मधल्या मोठ्या दगडाखाली त्याचं ठाणं. तिथून कोणी नुसतं गेलं तरी हा अंगावर धावून जातो. दोघांच्या शेपट्या फाटल्या. परवा एक मेलेला सापडला. बाबा म्हणाले, मारामारीत गेला. मला ते पटत नाही. फौजदार कडक आहे, पण खुनी नाही. बाबा त्यांना उपाशी ठेवत असावेत. नाहीतर झुंबरताईंनी काहीतरी टाकलं असेल. शेजारून येतात आणि काचेला बोट लावून "हे खायचे नव्हेत ना?" असं दर वेळी विचारतात. शेजारी राहायला येऊन चार वर्षं झाली, अजून विचारतात.

तुझं शिक्षण याच विषयातलं, म्हणून विचारते. काय करायचं ते कळव.

आणि एक सांगून ठेवते. रजिस्टर लग्न करून तुम्ही दोघं दारात आलात त्या दिवशी लाइट गेली होती. बेल वाजलीच नाही आणि मी झोपले होते. बाबांना हे हजारदा सांगून झालंय. आणि कोणी दार उघडत नाही म्हणून दोनदा बेल वाजवून लगेच निघून जायचं असतं का?

पत्र बाबा पोस्टात टाकतो म्हणालेत. एरवी दूध आणायला सांगितलं तर गुडघा दुखतो त्यांचा.

सुगंधा (आई)


बोईसर
५ डिसेंबर, गुरुवार

प्रियदर्शिनी,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझीच आई आहे, लिहीत राहीन.

तुझ्या बाबांचं काहीतरी चाललंय. मी उगाच बोलत नाही. दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून पालघरला जातात. विचारलं तर म्हणतात, "पालघरजवळ कोळगावला, कलेक्टर ऑफिसात. पेन्शनच्या कागदात नाव चुकलंय." खंडेराव या नावात चुकण्यासारखं काय आहे मला सांग. आणि चुकलं असेल तर ते दर गुरुवारीच चुकतं का?

गेल्या गुरुवारी परत आले ते पिशवीभर दगड घेऊन. नदीतले, काळे, गुळगुळीत. मी म्हटलं, "कलेक्टर ऑफिसात धोंडे वाटतात का हल्ली?" तर हसले आणि माझा भांड्यांचा ब्रश घेऊन बाथरूममध्ये दगड घासत बसले. मग शर्टाची बाही वर करून टाकीत हात घातला. प्रिया, ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्याने कोपरापर्यंत हात घालून सगळे दगड हलवले. मधला मोठा दगड उचलून कोपऱ्यात नेला. मधे आडवी भिंत रचली, एकमेकांना दिसायला नकोत अशी. फौजदार वेड्यासारखा फिरत होता. आपलं ठाणं शोधत होता बिचारा.

हे झालं तर बेटेगावच्या रस्त्यावरच्या दुकानातून आणखी आठ मासे आणून टाकले. मी कपाळावर हात मारून घेतला. आधीच मारामाऱ्या, त्यात गर्दी! आगीत तेल ओतणं म्हणजे आणखी काय? तर म्हणाले, "गर्दी असली की एकाच्याच मागे लागता येत नाही. राग वाटला जातो." राग वाटला जातो! ही तुझ्या बाबांची भाषा नव्हे. त्यांच्या भाषेत राग येतो, जातो, नाहीतर गिळतात. वाटत नाहीत. मी विचारलं, हे कुठे शिकलात? "यूट्यूबवर." त्यांच्याकडचा फोन बटणांचा आहे, हे ते विसरले.

दाणेसुद्धा हल्ली दोन्ही टोकांना एकाच वेळी टाकतात, म्हणजे म्हणे एकट्याला सगळं अडवता येत नाही. हे सगळं कोणीतरी शिकवतंय. बाई असणार. पुरुषाने शिकवलेलं तुझ्या बाबांनी कधी ऐकलेलं नाही, अख्ख्या कंपनीत प्रसिद्ध होतं.

तू म्हणशील आईला सगळ्यांचाच संशय. तुझ्या हितेशचाही आला होता, हो. किनाऱ्यावरचा मुलगा, आपल्यातला नाही, बोलणं असं. "नाय उघडत त्या, चल," म्हणे! "त्या" म्हणजे कोण, सासू ना? तेवढं तरी नीट म्हणावं.

असो. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मी डोळे मिटलेले नाहीत.

आई


बोईसर
२६ डिसेंबर, गुरुवार

प्रियदर्शिनी,

फौजदाराला घराबाहेर काढलं.

परवा जाळी घेऊन बाबांनी त्याला पकडलं, तोही सुखासुखी सापडला नाही, अर्धी टाकी ढवळली. बाल्कनीत निळा टब ठेवलाय, आपला पापड वाळवताना वापरायचा तो. त्यात पाणी, हवेची नळी, थंडीसाठी पाणी गरम करायचा दांडा आणि फौजदार एकटा. ना दगड, ना कोणी. नुसता गोल गोल फिरतो. संध्याकाळी एमआयडीसीचा वास आला की मी टबावर टॉवेल टाकते. मला त्याचं फार वाईट वाटतं. तो होता म्हणून टाकीला शिस्त होती. कोणी कुठे राहायचं, कोणी कधी खायचं, हे तोच बघत होता. घर कोणीतरी बघावंच लागतं. बघणाऱ्यालाच सगळे दांडगट म्हणतात.

मी भांडले. "त्याने काय गुन्हा केला?"

"शिक्षा नाही गं ही," बाबा म्हणाले. "त्याला काही दिवस बाहेर ठेवायचं. दगड हलवायचे. बाकीच्यांना आपापलं घर मांडू द्यायचं. मग त्याला परत सोडायचं. तेव्हा तो नवा होतो. नवा आलेला दुसऱ्याच्या घरात दांडगाई करत नाही."

"आणि तोपर्यंत तो टबात झुरून मेला तर?"

"नाही मरत. तीन आठवडे फक्त."

कोण सांगतंय हे? मी विचारलं नाही. विचारलं की ते पंख्याकडे बघतात.

आता दुसरी गोष्ट ऐक, आणि ही जास्त वाईट आहे. ट्रंकेतली जुनी लुगडी गेली आहेत. माझ्या आईची निळी इरकल आणि माझ्या दोन सुती साड्या, धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या. चोर आला असता तर कपाटातली पैठणी नेली असती. मी ट्रंक उघडते ते फक्त कपड्यांना ऊन दाखवायला, आणि किल्ली कुठे असते ते आम्हा दोघांनाच माहीत. म्हणजे नेली ती बाबांनीच. मी रात्रंदिवस विचार करते आहे. कुठल्या बाईला जुनेर लागतं? साडी देऊन खूश करायचं तर नवी देतात ना? ही कसली बाई, जिला माझ्या आईचं फाटायला आलेलं लुगडं चालतं?

त्या इरकलीचा अर्धा भाग तुझ्यासाठी फाडला होता. तुझी दुपटी त्याचीच होती. तू इतकी रडकी होतीस, पण त्यात गुंडाळलं की गप्प व्हायचीस. उरलेला अर्धा मी जपून ठेवला होता. कशासाठी ते आता लिहीत नाही.

हे लिहिताना मी शाल ओढून घेतली, बाबा समोरच होते. ते म्हणाले, "थंडी वाजते का?" साधा माणूस! इतका साधा माणूस खोटं बोलायला लागला की भीती वाटते.

आई


बोईसर
९ जानेवारी, गुरुवार

प्रिया,

आता लपवण्यात अर्थ नाही. तुझे बाबा आहेत, तुला कळायलाच हवं.

मासवणहून एक चिमी येते, करांद्याचे कंद आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन. तू गेल्यानंतर यायला लागली, तिला तू माहीत नाहीस. तिचं नि माझं बरं जमतं, कारण ती भाव कमी करत नाही आणि मी घासाघीस सोडत नाही. काल शेंगा मोजता मोजता म्हणाली, "बाय, तुमचा काका आमच्या मासवणला आलता. नदीवर. धोंडं येचत होता."

मी म्हटलं, "एकटेच होते?"

"नाय. संगट एक बाय होती. ती वरती बसलेली, ह्यो धोंडा घे, त्यो नको, असा सांगत होती. काका पान्यात, नि ती हसत होती."

"कशी होती दिसायला?"

"पोरसवदाच हाय. केस ह्ये बारीक कापलेलं." मग चिमीने टोपली सरळ केली आणि अगदी सहज म्हणाली, "पोटुशी हाय ती. सातवा-आठवा आसंल."

शेंगा माझ्या हातातून पडल्या. चिमीनेच गोळा करून दिल्या आणि दोन जास्त टाकल्या, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल बघ.

या वयात! केस कापलेली! आता मला जुनेराचं कळलं. जुनं मऊ लुगडं बाळालाच लागतं. माझ्या आईच्या इरकलीत त्या बाईचं मूल गुंडाळणार. मी बाबांना अजून काही विचारलेलं नाही. आधी कराडच्या मावशीला सांगावं की तुला, या विचारात होते. मग वाटलं, मावशी गावभर करील. तू निदान कोणाशी बोलतच नाहीस.

तू इथे असतीस तर काय केलं असतंस? मला माहीत आहे काय केलं असतंस. बाबांची बाजू घेतली असतीस. लहानपणापासून तेच. मी ओरडायचे आणि तुम्ही दोघं टाकीसमोर जाऊन बसायचात. पाठमोरे.

मला आता या घरात काही नको झालंय. टाकीसुद्धा नको. ती पिवळी मादी आहे ना, नवीन आलेल्यांतली, ती आजारी पडली आहे. काही खात नाही, पाइपच्या मागे लपून राहते, कोणी जवळ आलं की पळते आणि गळा सुजल्यासारखा झालाय. रोगच असणार. बाकीच्यांना लागण व्हायच्या आत मी तिला उद्या सकाळी काढून टाकणार आहे. बाबांना सांगितलेलं नाही. त्यांचं लक्ष आहे कुठे!

हे पत्र डिंकाने दोनदा चिकटवते आहे. बाबा आज निघताना त्यांच्या खिशात घालीन.

आई


बोईसर
१० जानेवारी

प्रियदर्शिनी,

काल सकाळी नऊला मी पत्र त्यांच्या खिशात घातलं. नाशिकला पोहोचायला किती दिवस लागतात, मला माहीत आहे.

काल संध्याकाळी बाबा आले. चपला काढल्या नाहीत. सरळ टाकीशी गेले, गुडघे टेकून बसले, त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि पाइपच्या मागे वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला हात लावू नकोस. आजारी नाही ती. तिच्या तोंडात पिल्लं आहेत."

मी म्हटलं, "कोणाच्या?"

"पिवळीच्या. ही मासळी अंडी तोंडात धरते, पिल्लं मोठी होईपर्यंत. म्हणून खात नाही. म्हणून लपते. तिला त्रास नको द्यायला, एवढंच."

मी पदराला हात पुसत उभी राहिले. पिवळी खात नाही हे मी कोणालाही बोलले नव्हते. झुंबरताईंनाही नाही. फक्त तुला लिहिलं होतं. समजा त्यांनी पाकीट फोडून वाचलं. तर "मासळी आजारी आहे" एवढंच कळलं असतं. तोंडात पिल्लं आहेत हे तुझ्या बाबांना सात जन्मांत सुचलं नसतं. हे ओळखणारी एकच मुलगी मला माहीत आहे. आणि सकाळी नऊचं पत्र संध्याकाळच्या आत वाचायचं तर ती नाशिकला नाही, पालघरला असावी लागते.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, प्रिया.

मी ओरडले नाही. तुला खोटं वाटेल, बाबांना विचार. मी खाली बसले. बाबा घाबरून पाणी घेऊन आले. मी विचारलं, "कितवा?" ते म्हणाले, "आठवा लागला." मग रडले. ते रडले, मी नाही. मी टाकीकडे बघत होते. ती पिवळी बघत होती माझ्याकडे, तोंड घट्ट मिटून.

आता मला सांग. आठ महिने पालघरात राहतेस. बसने अर्धा तास. हितेशला तिथे नोकरी लागली, घर घेतलं, दिवस गेले, सगळं बाबांना माहीत. आणि मी नाशिकला पत्रं लिहिते! तीही बाबा पिशवीत घालून तुझ्या हातात आणून देतात, आणि तू माझ्या नवऱ्याच्या लफड्याची हकिगत माझ्याच हस्ताक्षरात वाचतेस. हसलीस का गं? खरं सांग.

केस कापलेस. मला न विचारता.

डोहाळजेवण कोणी केलं? बाबांना विचारलं तर म्हणाले, कोणी नाही, हितेशची आई तो शाळेत असतानाच गेली. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हेही बाबांनी सांगितलं. तुझ्या बाबांना हल्ली फार वाचा फुटली आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. हा माझा हट्ट नाही, रीत आहे. तुझ्या खोलीतली शिलाई मशीन हलवायला घेतली आहे.

हे पत्र लिहायला बसतानाच मी बाबांना म्हटलं, "पोस्टात टाकू नका. हातात द्या." त्यांचे कान लाल झाले.

आई


बोईसर
२३ जानेवारी, गुरुवार

प्रिया,

तुझा निरोप बाबांनी सांगितला. तोडत तोडत सांगितला, एक वाक्य, मग चहा, मग दुसरं वाक्य. "यायचंय. माझंही घर आहे. पण आई दारात उभी असेल तर माझे पाय उचलणार नाहीत. आधी मला घरात शिरू द्या." असंच म्हणालीस ना? की त्यांनी अर्धं मऊ केलंय?

मला राग आला. यायलाच हवा होता. मी इकडे तुझ्यासाठी डिंक आणला, खारीक फोडली, अळीव निवडले, आणि मुलीचे पाय उचलत नाहीत! माझ्या दारात मीच उभी राहायची नाही?

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू जरा कराडला जाऊन ये. मावशी किती दिवस बोलावते आहे. तेवढाच हवापालट."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

मी हातातलं उलथणं ठेवलं. तीन आठवडे हा आकडा मी या घरात आधी ऐकला होता. मी म्हटलं, "म्हणजे मला टबात ठेवताय?"

त्यांनी पंख्याकडेसुद्धा बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

त्या दिवशी मी जेवले नाही. मी कोणाकोणावर संशय घेतला, तुझ्यावर, तुझ्या नवऱ्यावर, चिमीवरसुद्धा, की हे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हातारीला घालवून घर ताब्यात घ्यायचं. असं होतं हल्ली, पेपरात येतं. मग संध्याकाळी पाणी बदलायचं होतं म्हणून टाकीशी बसले.

फौजदाराला परत सोडून आठवडा झाला आहे, ते तुला लिहायचं राहिलं. सोडला तेव्हा मला वाटलं, आता रक्त सांडणार. काही नाही. तो खाली गेला, आपला मोठा दगड शोधला, दगड कोपऱ्यात, आणि तिथे ते आठांतले दोघे राहायला आलेले. त्यांनी याला हाकललं. याला! दोन दिवस तो गरम करायच्या दांड्यापाशी उभा होता, रंग उतरलेला. मला बघवेना. तिसऱ्या दिवशी खायला वर आला, सगळ्यांच्यात, एका बाजूने. आता त्याला डाव्या हाताची एक छोटी कपार मिळाली आहे. कधी कधी अजून धावतो कोणाच्या तरी अंगावर, नाही असं नाही. पण अर्ध्या वाटेतून वळतो. मेला नाही. रंगही परत आलाय. आणि पिवळीच्या तोंडातली पिल्लं बाहेर आली, तांदळाएवढी. दगडांच्या फटीत राहतात. तो त्यांच्यावरून जातो, खाली बघतो आणि पुढे जातो. का ते मला माहीत नाही. माझी नजर असते त्याच्यावर.

तर मी जाते आहे. रविवारची गाडी आहे. चुकलं म्हणून जाते असं समजू नकोस. मी चुकले असं मी म्हणणार नाही, त्याची वाटही बघू नकोस. तुझा आठवा अर्धा सरला, जिने चढायचे ते आताच चढ, एवढ्यासाठी जाते.

खारीक पूड वरच्या डब्यात आहे. बाबांना तूप मोजता येत नाही, तू बघ.

आई


कराड
१५ फेब्रुवारी

चि. सौ. प्रियास आणि जो कोणी पोटात आहे त्यालाही, आईचे आशीर्वाद. मागच्या सगळ्या पत्रांचे राहिलेले यातच मोजून घे.

बाबांचा दर दोन दिवसांनी फोन येतो. तू आलीस हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि मग फोन तसाच चालू ठेवला. तू मागे काहीतरी गुणगुणत होतीस. मी मावशीला म्हटलं, फोनला रेंज नाही, आणि तसाच कानाला लावून बसले.

मग बातम्या येत गेल्या. पलंग खिडकीकडे केलास. देवांच्या फळीखालची तुळशीची कुंडी बाल्कनीत नेलीस. माझे स्वयंपाकघरातले डबे हलवलेस. पंचवीस वर्षं ते एका ओळीत होते, हे ऐकून मला रात्री घाम फुटला, मावशीने पंखा लावला. पण राहू दे. मीठ कुठे ठेवलंस ते बाबांकरवी सांगू नकोस. मी आले की विचारीन. स्वतःच्या घरात मीठ कुठे आहे हे विचारायला मला कसं वाटेल ते बघायचं आहे.

हितेशराव रोज संध्याकाळी येऊन तुझे पाय चेपतात असं कळलं. बाबा म्हणाले, "काकी येतील ना? आमी घाबरतो, पण त्या पायजेत," असं हितेश म्हणाला. त्यांना सांग, आमी म्हणायचं तर आमी म्हणा, मी काही बोलणार नाही. मनात आलं तरी अर्ध्या वाटेतून वळेन.

इथे मी दुपटी शिवते आहे. ती इरकल बाबांनी तुझ्याकडे दिली हे बरं केलं, पण नुसती फाडू नकोस, काठ काढून घे. काठ बाळाला टोचतो. तुझ्या वेळी मी काढला नव्हता, तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. उद्या मी निघते. परवा सकाळी बोईसरला उतरेन. न्यायला कोणी येऊ नका, रिक्षा असते. हे पत्र आजच कुरियरने धाडते, म्हणजे माझ्याआधी पोहोचेल.

एक राहिलं. आपली बेल चालू आहे. ती कधीच बंद नव्हती. त्या दिवशी लाइटही होती, टाकीतले बुडबुडे मला ऐकू येत होते, आणि दाराच्या अलीकडे उभं राहिलं की जिन्यातलं सगळं ऐकू येतं. "नाय उघडत त्या, चल," हेही. तू काहीच बोलली नव्हतीस.

घराची किल्ली मी निघताना बाबांच्या खणात ठेवून आले आहे, मुद्दाम. म्हणजे परवा मलाही बेलच वाजवावी लागणार. दार बाबांना उघडू देऊ नकोस. तू उघड, जमलं तर. सावकाश ये, पळत येऊ नकोस, तुझे दिवस भरत आलेत. आणि नसेल उघडायचं तर नको उघडूस. पण मी तुझ्यासारखी दोनदा वाजवून परत जाणार नाही. जिन्यात बसून राहीन, दुपटी आहेत शिवायला.

तुझी आई